घाईनं गावाकडं येऊ नकोस

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, "आण्णा, मेडिकल बोर्डाचे कागद हातात पडले की पहिल्या गाडीनं घरी येतो." तुझी आई तेव्हापासून खोली आवरतेय. तिच्यासमोर बोलवेना, म्हणून लिहितोय. बाळा, इतक्यात येऊ नकोस.

फौजेत पाय गमावून तू इथं आल्यावर काय होईल ते मला आत्ताच दिसतंय. महिनाभर घरात माणसांची रीघ लागेल, ग्रामपंचायत शाल-नारळ देईल. मग जो तो आपल्या कामाला लागेल आणि तू पेन्शनची तारीख मोजत ओट्यावर बसशील. तिशीही ओलांडली नाहीस अजून.

बँकेतल्या सिक्युरिटीच्या जागेचं तुझ्या मामांनी सुचवलंय. त्यांचा हेतू चांगला आहे, पण मला ते पटत नाही. आपल्याकडं फौजी परतला की त्याला बंदूक देऊन कुणाच्या तरी दाराशी उभा करतात, जसं काही त्याला दुसरं काही येतच नाही. शिवाय ते बारा-बारा तास उभं राहायचं काम. पुण्यात तुझ्याजवळ होतो तेव्हा बघितलंय मी, सकाळी एक मोजा घालून नकली पाय बसवायचास, दुपारपर्यंत थोटूक बारीक होऊन सॉकेट, म्हणजे त्या पायाची वाटी, सैल पडायचं, मग वर आणखी एक मोजा. त्यात रोज उभं राहून कातडी सोलली तर पाय काढून ठेवावा लागेल आणि नोकरीही जाईल.

ट्रॅक्टरचंही तसंच. क्लच डाव्या पायाखाली, आणि तुझा गेलाय तोच. पेडल किती दाबलं ते त्या पायाला कळणार नाही. हाताचा क्लच बसवून घेता येतो, घेऊही, पण तो तू शेत हौसेनं बघावंस म्हणून. पोटासाठी वेगळं काहीतरी हातात हवं.

पुण्यात आहेस तोवर खडकीला जाऊन ये. क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट जखमी जवानांना धंदेशिक्षण देण्यासाठीच आहे. पहिल्या महायुद्धातून हातपाय गमावून आलेल्यांसाठी १९१७ साली ती मुंबईत सुरू झाली, मग खडकीला आली. शंभर वर्षांवर तिथं तुझ्यासारखी पोरं शिकून बाहेर पडलीत. कोणते कोर्स चालू आहेत ते ऑफिसात बसून नीट विचार. विजेचं काही असेल तर डोळे झाकून घे. शाळेत असताना घरातला एक रेडिओ तू धड ठेवला नाहीस! आपल्याकडं विहिरीवरची मोटार जळली की वाइंडिंगला तालुक्याला न्यावी लागते, आणि तोवर ऊस वाळतो. हे काम स्टुलावर बसून होतं, आणि पंचक्रोशीत करणारा कुणी नाही.

तिथंच पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. तेही बघ. कण्याला मार लागून कमरेखाली, काहींचं तर मानेखाली अंग गेलेले जवान तिथं राहतात. तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात, व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात. त्यांची तुलना तुझ्याशी करायची नाही, तुझं दुखणं तुझं आहे. पण त्यांच्यात बसून ये.

पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर तुला ठाऊकच आहेत. १९६५च्या लढाईत गोळ्या लागून कमरेखाली लुळे पडले, उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ला हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक आणलं. सगळे ते पदकच सांगतात. मला त्यापुढचं मोठं वाटतं, की त्यांनी पुण्यात टेल्को कंपनीत नोकरी केली. रोज सकाळी उठून कामावर जायचं, महिन्याला पगार घरी आणायचा. तुझ्या बाबतीत मला तेवढंच हवंय.

घरची काळजी करू नकोस. सूनबाईशी बोललोय, तिलाही पटलंय. छकुलीला बालवाडीत मी सोडतो. पेन्शनच्या फाईलसाठी सोमवारी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जातोय. बोर्डाच्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढून मला पाठव, मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नकोस.

रात्री गेलेल्या पायाच्या बोटांना कळ येते म्हणाला होतास, ते डॉक्टरांना सांगितलंस का? भास म्हणून गप्प बसू नकोस, त्यावर औषध आहे.

रविवारी फोन करीन. खडकीला काय म्हणाले ते तेव्हा सविस्तर सांग. आईला मी समजावतो.

तुझे,
आण्णा