कान्हेरीचं पाणी

बोरिवली,
रविवार, रात्री

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

"एवढ्या पावसात कान्हेरीला कोण जातं?" असं तू फोनवर हसत म्हणालास. मी गेलो होतो, नॅशनल पार्कातल्या त्या बौद्ध लेण्यांत. का गेलो ते फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

सातवीच्या सहलीत आपण तिथं काय पाहिलं, तर माकडं! बाई चैत्यगृहातली (प्रार्थनेच्या लेण्यातली) ती दोन उंच बुद्धांची जोडी दाखवत होत्या आणि तिकडे एक माकड तुझा डबा घेऊन पसार झालं होतं. आज चैत्यगृहात निवांत बसलो. काही खांबांचं कोरीवकाम अर्धवटच राहिलंय रे, तेव्हा कुणाच्या लक्षात आलं होतं?

पण आजचा दिवस पाण्याचा होता. वरच्या लेण्यांकडे चढताना पाऊस कोसळायला लागला, म्हणून एका ओसरीत शिरलो. समोरच्या कातळात बोटभर रुंद चर खोदलेले. उतारावरून पाणी त्यांत उतरत होतं, वळत होतं आणि थेट टाक्यात पडत होतं. अठराशे वर्षांची नळजोडणी, अजून चालू! (आमच्या सोसायटीची टाकी या महिन्यात दोनदा गळली.) डोंगरात शंभराहून जास्त लेणी आहेत आणि बहुतेकांना स्वतःचं टाकं. भिक्षूंना पावसाळ्यातले तीन महिने एकाच जागी काढायचे असत, पण खरी गरज पुढच्या आठ महिन्यांची.

तिथल्या ब्राह्मी लेखांत या टाक्याला 'पाणीयपोढी' म्हटलंय. पोढी हा शब्द मराठीत अजून आहे की! आणि 'लेण' म्हणजे लेणं. एक पोढी कल्याणच्या सोनारानं दिलेली, एक सोपाऱ्याच्या (आजच्या नालासोपाऱ्याच्या) व्यापाऱ्यानं. म्हणजे आपल्या लोकल लाईनवरचेच लोक. पुढे 1009 आणि 1021 मध्ये पारशी मंडळी येऊन पहलवीत, म्हणजे जुन्या इराणी लिपीत, नावं कोरून गेली. तीही एका लेण्यात आहेत. याच डोंगरांचं पाणी अडवून इंग्रजांनी 1860 मध्ये विहार आणि 1879 मध्ये तुळशी तलाव केला. पोढीचीच युक्ती, फक्त शहराच्या मापाची.

बिबट्या दिसला का, ते विचारू नकोस. नाही दिसला. परतताना खालच्या झाडीतून चितळाची तीक्ष्ण हाक दोनदा आली, पाठोपाठ माकडं खेकसायला लागली. काकड्या विकणाऱ्या पाड्यातल्या मावशी मान न वळवता म्हणाल्या, "वाघोबा फिरतोय." मीठमसाला लावून काकडी माझ्या हातात दिली आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळल्या. मी मात्र बस येईपर्यंत झाडीकडे पाठ केली नाही.

दिवाळीत येतोयस ना? सोमवार सोडून कुठलाही दिवस ठरव, सोमवारी बंद असतं. गेटपासून लेणी सहाएक किलोमीटर आहेत. गुडघ्याचं निमित्त सांगू नकोस, बस असते. तेव्हा पाऊस नसेल, पण पोढ्या भरलेल्या दिसतील. वहिनींना नमस्कार सांग.

आणि डबा या वेळी मी धरीन.

तुझा,
अविनाश