सूचना : रविवारी काठीची चाचणी, सर्वांनी यावे

सभासदहो, नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता, आपल्या नेहमीच्या सभागृहात, अभियांत्रिकीचे विद्यार्थी पांढऱ्या काठीवर बसवायच्या उपकरणाचा नमुना घेऊन येत आहेत. लोंबणारी फांदी, उभ्या ट्रकची मागची बाजू साध्या काठीला कळत नाही. डोकं आपटल्यावरच कळते. आयआयटी दिल्लीची २०१४ मध्ये आलेली ‘स्मार्टकेन’ असे अडथळे ध्वनिलहरींनी हेरून मुठीत कंपन देते. तीही अंध व्यक्तींनी वापरून पाहिल्यावरच बाजारात आली. त्यामुळे संकोच नको, खटकेल ते स्पष्ट सांगा.

– रोजची काठी सोबत आणा.
– संमतीपत्र आधी वाचून दाखवतील. पटलं नाही तर सही करू नका.
– मदतनीस येणार असल्यास शुक्रवारपर्यंत कळवा. विद्यार्थ्यांच्या प्रश्नांची उत्तरं मात्र तुम्हीच द्यायची.

– सचिव