रग्बीला चारच ओळी?

महोदय,

आपल्या क्रीडा पानावर रग्बीला चार ओळी मिळतात, त्याही निकालाच्या. मी मूळचा म्हसवडचा, सध्या मुलीकडे वेल्समधल्या बाला गावी मुक्कामाला. शनिवारी कार्डिफला वेल्स-स्कॉटलंड सामना आहे आणि इथल्या पबात दुसरा विषय नाही. म्हणजे एक आहे, मॉट. शेजारच्या शेतकऱ्याचा हा म्हातारा बॉर्डर कॉली जातीचा मेंढपाळ कुत्रा खुर्चीखाली पडलेला असतो. स्क्रमवरून (चेंडूसाठी दोन्ही संघ खांदे भिडवून रेटतात, त्यावरून) वाद पेटला की एक डोळा उघडून बघतो. आमच्या माणदेशात धनगराचा कुत्रा लांडग्यापासून मेंढ्या राखतो, हा मेंढ्या वळवतो. 'कम बाय' म्हटलं की मेंढ्यांभोवती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे धावतो, 'अवे' म्हटलं की उलटा. "आमच्या बचावफळीपेक्षा मॉट बरा, जागा तरी सोडत नाही," असं एक आजोबा परवा चिडून म्हणाले. १८७३ साली मेंढपाळ कुत्र्यांची स्पर्धा याच बालात भरली आणि जिंकली एका स्कॉटिश माणसाच्या कुत्र्याने! त्याचं उट्टं म्हणे शनिवारी काढायचंय.

तेव्हा सामन्याची भारतीय वेळ तरी आदल्या दिवशी छापत जा. म्हसवडहून धाकटा भाऊ तेवढ्यासाठी मला फोन करतो, तोही इथल्या पहाटे.

– एक वाचक, बाला (वेल्स)