ईयोबाचे मधले अध्याय पण छापा की

मा. संपादक साहेब, जय ख्रिस्त.

रविवारच्या पुरवणीतला दुःखामागचा देवाचा हेतू सांगणारा लेख डायलिसिसच्या बेडवर वाचला, चार तास दुसरं काम तरी काय असतं. लेखात बायबलमधला ईयोब आहे, सगळं गेलं तरी देवाला सोडलं नाही, शेवटी दुप्पट मिळालं, संपली गोष्ट. अहो पण ४२ अध्यायांचं पुस्तक आहे ते, तुम्ही पहिले दोन आणि शेवटचा घेतला, मधले कुठे गेले? तिसऱ्यातच तो आपल्या जन्माच्या दिवसाला शाप देतो. ३८ व्यात देव स्वतः बोलायला लागतो तर समुद्र, तारे, रानगाढव सगळं निघतं, पण "का" ते काही निघत नाही. आणि दुप्पट झाली ती गुरंढोरं, मुलं परत दहाच झाली, आधीची दहा गेली ती गेलीच, यावर उपदेश ऐकल्याचं मला तरी आठवत नाही.

माझं डायलिसिस सुरू होऊन दोन वर्षं झाली, आठवड्यातून तीनदा. डाव्या हातात फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला धमनी आणि शीर जोडलेली, बोट ठेवलं तर आत थरथरतं, पाणी मोजून मिळतं म्हणून उन्हाळ्यात बर्फाचा खडा चघळत बसायचं. चर्चच्या मंडळीतले लोक प्रेमानेच भेटायला येतात, "प्रभूची काहीतरी योजना असेल भाऊ" म्हणतात आणि माझ्यासमोर माठातलं गार पाणी दोन-दोन ग्लास पितात. शेजारच्या बेडवर एक वारकरी आजोबा असतात, त्यांना त्यांचे लोक मागच्या जन्मीचं सांगतात. आम्ही दोघं हसतो.

योहानच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात येशूचे शिष्य हेच विचारतात, हा जन्मापासून आंधळा, मग पाप कोणाचं, याचं की आईबापाचं? येशू म्हणतो कोणाचंच नाही. देवाची कामं दिसावीत म्हणून, हे पुढचं वाक्य मलाही पाठ आहे, पण तेवढं बोलून तो चहा पिऊन निघाला नाही ना, थुंकीने चिखल कालवला आणि त्याच्या डोळ्यांना लावला.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण तर आमच्याकडे हमखास देतात. आईवडील १८७४ साली दुष्काळात गेले, १८८० ला भाऊ, १८८२ ला नवरा, म्हणे हे सगळं मुक्ती मिशन, म्हणजे दौंडजवळच्या केडगावचा निराधार बायका-मुलींचा आश्रम, उभं राहावं म्हणून. मला नाही पटत. केडगाव उभं करायला देवाला तिचे आईबाप उपाशी मारायची गरज होती का? एवढं मात्र खरं की १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली-बायका तिने केडगावला आणल्या, कारण पोटात अन्न नसणं काय असतं ते तिला कोणी समजावून सांगायला नको होतं. आणि १९२१ ला मनोरमा गेली, एकुलती एक लेक, तिच्या मरणाचा हेतू काय ते कोणी सांगत नाही. बाई बायबलच्या भाषांतराला चिकटून राहिल्या आणि पुढच्या एप्रिलमध्ये गेल्या.

विश्वास उडालाय असं समजू नका. प्रेषित पौलाने अंगातल्या काट्यासाठी (सतत सलणाऱ्या यातनेला तो काटा म्हणतो) देवाला तीनदा विनंती केली, मी आठवड्याला तीनदा करतो, उत्तर दोघांना तेच, कृपा पुरे आहे. पुरते पण, बहुतेक दिवस.

परवा एक पंचविशीतला पोरगा आला, हातात सुया टोचायची पहिलीच वेळ, त्या जाड सुया बघून पांढराफटक पडला. त्याला जवळ बोलावलं, म्हटलं माझ्या हातावर बोट ठेव. ठेवलं, जरा वेळाने म्हणतो, काका हे तर मांजरासारखं घुरघुरतंय.

– एक वाचक, अहिल्यानगर