पकडलेल्या दारूची तपासणी जागेवरच व्हावी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

भट्टीवर छापा पडला, बॅरल फोडले, रसायन ओतून दिलं, अशी बातमी सोलापुरात अधूनमधून येतेच. ग्रामीण पोलिसांच्या ‘ऑपरेशन परिवर्तन’मुळे तांड्यांवरच्या कित्येक घरांना दुसरा धंदा मिळाला, याचं मला मनापासून कौतुक आहे. पण पकडलेल्या दारूत नेमकं होतं काय, ते मात्र वाचायला मिळत नाही.

मी ३१ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. आमच्या गल्लीत यंत्रमाग कामगार राहतात. दारू पेटवून बघायची, निळी ज्योत आली की माल चोख, अशी तिथे पक्की समजूत आहे. पण मिथेनॉल हे विषारी अल्कोहोलही निळ्याच ज्योतीनं जळतं! वासाचवीनंही ते ओळखू येत नाही. गुळाच्या रसायनातून ते अगदी थोडं तयार होतं. माणसं मरतात ती बहुतेक वेळा कारखान्यातलं मिथेनॉल दारूत मिसळल्यामुळे. मालवणीत २०१५ साली १०० हून अधिक माणसं गेली, कल्लाकुरिचीत २०२४ मध्ये ६० हून अधिक.

शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि त्रास सुरू व्हायला बऱ्याचदा १२ ते २४ तास जातात. घरचे म्हणतात, अजून उतरली नाही, झोपू द्या. चार वर्षांपूर्वी गल्लीतल्या एका तरुणाला असंच झोपू दिलं. जीव वाचला, नजर गेली. त्याची बायको आज विड्या वळून घर चालवते. बाटलीत काय होतं, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.

खरं तर हे दोन मिनिटांत कळू शकतं. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये हातात मावणारं यंत्र दाखवलं. दारूची वाफ सच्छिद्र पॉलिमर भरलेल्या नळीतून जाते. मिथेनॉल आधी बाहेर पडतं, इथेनॉल, म्हणजे दारूतलं नेहमीचं अल्कोहोल, मागे रेंगाळतं, म्हणून दोन्ही वेगवेगळी मोजता येतात. रामन परिणामावर, म्हणजे पदार्थावर पडलेला प्रकाश कसा विखुरतो त्यावर, चालणारी छोटी यंत्रं तर बाटलीचं बूचही न उघडता काचेतून मिथेनॉल हेरतात.

राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या प्रत्येक पथकाकडे असं एक यंत्र द्यावं. प्रयोगशाळेचा अहवाल कोर्टासाठी लागेलच, तो येऊ दे सावकाश. पण छाप्यात एक कॅन सापडतो, तेव्हा त्याच मालाचे बाकीचे कॅन आदल्या रात्रीच वस्तीत पोचलेले असू शकतात. जागेवर मिथेनॉल निघालं, तर लगेच रिक्षावर भोंगा लावून वस्तीत सांगा: काल ज्यांनी घेतली, त्यांनी बरं वाटत असलं तरी आत्ताच सिव्हिलला या. यावर औषध आहे, डायलिसिस आहे, पण डोळ्यांपुढे धुकं येण्याआधी माणूस तिथे पोचला पाहिजे.

एक निवृत्त शिक्षिका,
अशोक चौक, सोलापूर