टीका वगळून ग्रेग टेट कसे कळणार?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकी संगीत समीक्षक ग्रेग टेट यांच्यावरचा लेख वाचला. मराठीत त्यांच्यावर कुणी लिहितंय म्हणून आनंदाने वाचायला घेतला आणि वाचून संपेपर्यंत डोकं तापलं. अख्ख्या लेखात टेट म्हणजे रॅपर मंडळींचे जिवलग, त्यांच्या बैठकीतला माणूस. बस्स, एवढंच?

१९८८ साली पब्लिक एनिमी या कृष्णवर्णीय रॅप गटाच्या दुसऱ्या अल्बमवर टेट यांनी न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकात लिहिलं. त्यात संगीताला मनापासून दाद आहे आणि स्त्रिया, समलिंगी, ज्यू यांच्याविषयीच्या त्या गटाच्या भूमिकेवर तितकीच सडकून टीका आहे. गट ऐन भरात होता आणि लिहिणारा स्वतः कृष्णवर्णीय. आपल्याच माणसांचे कान उपटायला धारिष्ट्य लागतं. तुमच्या लेखात याचा उल्लेखही नसावा?

रॉकची बाजूही एका ओळीत उरकली आहे. काळ्या वादकांनीच ज्याची मुळं रुजवली, ते रॉक काळ्या वादकांनी वाजवलं की रेकॉर्ड कंपन्या त्यांना दारातून परत पाठवायच्या. म्हणून १९८५ मध्ये टेट यांनी गिटारवादक व्हर्नन रीड यांच्यासोबत न्यूयॉर्कमध्ये 'ब्लॅक रॉक कोअलिशन' ही काळ्या रॉक कलावंतांची संघटना सुरू केली. हिप-हॉप आणि रॉक त्यांच्यासाठी दोन वेगळे कप्पे नव्हतेच.

हे मला इतकं झोंबण्याचं कारण आहे. काही वर्षं मी एका दैनिकासाठी कार्यक्रमांची परीक्षणं लिहीत असे. एका रॉक बँडच्या कार्यक्रमात ड्रम आणि बेसचा आवाज एवढा चढवला होता, की गायिकेचे ओठ हलताना दिसत होते, शब्द एकही कळत नव्हता. तिसऱ्या गाण्याला तिने हाताने खूण केली, तरी साउंडवाल्याने लक्ष दिलं नाही. मी हे सगळं लिहिलं. गिटारवादक उत्तम होता, तेही लिहिलं. दुसऱ्या दिवशी छापून आलं, 'रसिकांनी तुडुंब गर्दी केली होती.' हे वाक्य माझं नव्हतं, खाली नाव मात्र माझं! विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, 'प्रायोजक आपलेच आहेत हो.' त्या गायिकेची बाजू मांडणारी एकही ओळ कुठे छापून आली नाही. त्यानंतर मी तिथे लिहिणं सोडलं.

टेट डिसेंबर २०२१ मध्ये गेले. २०२४ मध्ये पुलित्झर मंडळाने त्यांचा मरणोत्तर विशेष सन्मान केला, तो त्यांच्या लेखणीसाठी. कलावंतांशी असलेल्या ओळखींसाठी कुणी पुलित्झर देत नाही.

आणखी एक. लेखासोबतच्या छायाचित्राखाली छायाचित्रकाराचं नाव नाही. गुरुवारच्या पानावर हल्ली मराठी रॅपच्या कार्यक्रमांची बातमी असते, त्यात तिकिटाचा दर असतो, जागा असते, पार्किंगची सोयही असते. पोरं गायली कशी, शब्द कसे होते, यावर अवाक्षर नसतं. कार्यक्रमाला वार्ताहर पाठवा आणि तो जे ऐकून येईल ते न कापता छापा, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, पुणे