आई-अप्पा, हॉटेल बुक झालंय, आता नाही म्हणू नका

प्रिय आई आणि अप्पा,

आई, हे तू मोठ्यानं वाचायचं आहेस, अप्पांच्या डोळ्यांना मोबाईलचा उजेड नको. फोनवर सांगायला गेलं की तू मध्येच गप्प होतेस आणि अप्पा "बरं बरं, बघू" म्हणून फोन परत तुझ्या हातात देतात, मग माझं सांगायचं ते राहूनच जातं, म्हणून टाइप करतेय. दादाला लगेच फॉरवर्ड करू नकोस, तो हसत बसेल.

तर सोमवारची वंदे भारतची तिकिटं झालीत, मंगळवारी सकाळी आठला रेटिनाच्या डॉक्टरांची वेळ मिळालीय, आणि मधली सोमवारची रात्र तुम्ही दोघं बदलापूरला नाही, कुलाब्याला हॉटेलात राहणार आहात. पैसे भरून झाले. कॅन्सल केलं तर एक रुपया परत मिळत नाही, आणि तसलंच बुकिंग मी मुद्दाम केलंय कारण मी तुम्हाला ओळखते.

आता मनाला लावून घेऊ नका. मला माहितीये आई, पहिलं तुझ्या मनात काय आलं असेल. लेकीच्या घरी दोन माणसांना एक रात्र जागा नाही का. आहे गं, हॉलमध्ये गादी घालून आम्ही झोपलो असतो, सासूबाई तर स्वतः म्हणाल्या माझी खोली द्या त्यांना. कोणी काही बोललेलं नाही, उगीच भलता अर्थ काढू नकोस आणि त्यांना फोन करून विचारू पण नकोस. पण जरा बदलापूरहून सकाळी आठला मुंबईत पोचायचं म्हणजे काय ते बघ, साडेपाचला घरातून निघायचं, तीन मजले उतरायचे (लिफ्ट अजून बंदच आहे, सोसायटीची मीटिंग काही होत नाही), रिक्षा, मग ती लोकल, जिच्यात मी रोज जाते तरी मला कधीकधी चढता येत नाही. सव्वा-दीड तास. अप्पांचे गुडघे आणि त्यांना अंधूक दिसतं ते धरून. आणि तपासणीआधी डोळ्यात थेंब टाकतात ना, बाहुली मोठी होते त्यानं, पुढं चार-सहा तास सगळं धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही, तशा डोळ्यांनी दुपारच्या गर्दीत परत बदलापूर? आता हॉटेलपासून डॉक्टर टॅक्सीनं पंधरा मिनिटांवर आहेत. तपासून झालं की खोलीवर यायचं, पडदे ओढून पडायचं, दुपारी दोनपर्यंत खोली ठेवायला ते तयार झालेत, मी बोलून ठेवलंय, आणि मग सरळ चारची वंदे भारत पकडायची. रात्री अकराच्या आत तुम्ही सोलापुरात.

भक्तनिवास, धर्मशाळा, लॉज सगळं बघून झालं माझं. अप्पा म्हणणारच, व्हीटीसमोर लॉज मिळतात की हजार-बाराशेत. मिळतात, बघून आले मी, बाथरूम पॅसेजच्या टोकाला आणि जिना असा उभा की मलाच धाप लागली. व्हीटीच्या वेटिंग रूममधली ती रात्र आठवते ना तुम्हाला? मला आठवते. काकूंचं ते वाक्य पण आठवतं. बस, त्यावर मी आणखी काही बोलत नाही.

आता हॉटेल कसलं ते सांगते, नाहीतर तुम्ही ताजसारखं काहीतरी मोठं डोळ्यासमोर आणाल आणि घाबराल. हे अगदी छोटं आहे. रीगल सिनेमाच्या मागच्या गल्लीत जुनी इंग्रजांच्या काळातली इमारत आहे, तिचा एकच मजला हॉटेलनं घेतलाय, मोजक्या खोल्या, प्रत्येक खोली वेगळी, खाली जुनी फरशी, लाकडी कपाटं, सागवानी पलंग. बुटीक हॉटेल म्हणतात याला. अप्पा तुम्हाला आवडेल, सगळं जुनं सामान नीट दुरुस्त करून वापरलंय, नवं चकचकीत काही नाही. लिफ्ट आहे, जाळीच्या दरवाजाची, लिफ्टमन असतो, स्वतः दार ओढायला जाऊ नका. मी गेल्या आठवड्यात ऑफिस सुटल्यावर जाऊन खोली बघून आलेय, पलंगावर बसून पण बघितलं, गादी फार मऊ नाहीये, आईची कंबर धरणार नाही.

किंमत सांगणार नव्हते. पण बिल तुमच्या हातात पडलंच तर त्यावर १८ टक्के जीएसटी दिसेल, आणि अप्पांना पेपर वाचून माहितीये की साडेसात हजारांच्या वरच्या खोलीलाच तो लागतो, म्हणजे हिशेब लागलाच. लागू दे. श्रावणात, मधल्या वारी, पाऊस, त्यामुळे नेहमीपेक्षा बरंच कमी पडलंय. माझ्या दिवाळीच्या बोनसमधले बाजूला ठेवलेले पैसे आहेत, घराच्या हप्त्याला धक्का नाही, पोराच्या फीला धक्का नाही, यांना विचारलंय, ते उलट म्हणाले दोन रात्री कर. आता किती वेळा सांगू.

अप्पा, आता हे तुमच्यासाठी. तुम्ही अक्कलकोट रोडला कारखान्यात जॉबर होतात तेव्हा हॉटेलांच्या ऑर्डरी यायच्या ना, पांढरे जाड टॉवेल, कडेला हॉटेलचं नाव विणलेलं. एखाद्यावर डाग पडला, धागा सुटला, नावातलं अक्षर चुकलं की तो सेकंडच्या ढिगात जायचा आणि तिथून आपल्या घरी. माझी अर्धी एबीसीडी त्या टॉवेलांवर झालीये. तुम्ही डोकं पुसून द्यायचात आणि पुसता पुसता विचारायचात हे कुठलं अक्षर, आणि मी चुकले की टॉवेलनं तोंडच झाकायचात. शाळेच्या सहलीला माझ्या टॉवेलवर कुठल्यातरी परदेशातल्या हॉटेलचं नाव होतं, पोरींनी विचारलं तू राहिलीस होय तिथं, मी खुशाल हो म्हणाले. इतक्या हॉटेलांत तुमचा माल गेला अप्पा आणि तुम्ही एकातही कधी झोपला नाहीत. मला ते खटकतं. बदलापूर, लोकल, थेंब, ते सगळं खरंच आहे, पण हेही आहे.

(आई, इथं थांबून अप्पांकडे बघू नकोस, वाचत राहा.)

तर तिथले टॉवेल तुम्ही चिमटीत धरून वजन सांगणार, पाचशे जीएसएम का सहाशे, ते मला माहितीये. सांगा खुशाल. फक्त रिसेप्शनवाल्या पोराला उभं करून लूप कसे सुटलेत ते समजावत बसू नका.

आईसाठी. सोमवार आहे, तुझा श्रावणी सोमवार, माझ्या लक्षात आहे. गाडी साडेबाराच्या सुमारास पोचते, मी प्लॅटफॉर्मवरच उभी असेन, तुम्ही डब्यातून उतरलात की तिथंच थांबायचं, बॅग घेऊन इकडंतिकडं जायचं नाही. साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याची आमटी मी डब्यात आणणारे. अप्पांना स्टेशनसमोरच्या आरामला थालीपीठ खायला घालू, पीयूष मागायचं नाही अप्पा, नुसतं ताक. खोली दोनला मिळते, मग टॅक्सी. काळ्या-पिवळ्यांचं मीटर आता ३१ रुपयांपासून सुरू होतं, भांडायचं नाही. आणि अप्पा, तुमच्या लाडक्या पद्मिनी टॅक्सी आता नाहीत, २०२३ मध्ये शेवटच्या गेल्या. त्याच वर्षी जुन्या डिझेलच्या डबल-डेकर पण गेल्या, आता विजेवरच्या एसी डबल-डेकर आहेत. वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर तुम्ही मला मांडीवर घेऊन बसला होतात, मी खोटं स्टिअरिंग फिरवत होते आणि तुम्ही तोंडानं हॉर्न वाजवत होतात, कंडक्टर पण हसायला लागला होता. जमलं तर संध्याकाळी बसू. पायऱ्या झेपल्या तर. नाहीतर राहू दे.

संध्याकाळी पाऊस नसला तर गेटवेला जाऊ, चालत पाच-सात मिनिटं आहे, पण आपण दहा-पंधरा धरू. शिवाजी महाराजांच्या पुतळ्यासमोर बाक आहेत. आपला तो जुना फोटो आहे ना, आई तू डोळे मिटलेला, तिथंच परत काढू. अप्पांना संध्याकाळचा उजेड त्रास देत नाही, म्हणून त्याच वेळी. रीगल पण बाहेरून बघा, १९३३ चं थिएटर आहे, तो सगळा भाग आता युनेस्कोच्या यादीत आलाय, ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारतींसकट, २०१८ पासून. समुद्राकडून वास येईल मासळीचा, ससून डॉक जवळ आहे, आई पदर नाकाला लावू नकोस, लोक बघतात. आठ वाजता उपास सोडायला वरणभात सांगून ठेवलाय, कांदा-लसूण नको म्हणून पण सांगितलंय.

मग मी साडेनऊला निघणार. पोराची युनिट टेस्ट आहे मंगळवारी, नाहीतर मी पण राहिले असते, तिसरी गादी टाकून देतात ते. सकाळी सातच्या आत परत येते. मधल्या वेळासाठी आता नीट ऐका.

दार आपोआप लॉक होतं. आई, तू पॅसेजमध्ये कोण आहे बघायला डोकावशील आणि दार मागं बंद होईल, अप्पा आत घोरत असतील. कार्ड घेतल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाय नाही. ते कार्ड दाराजवळच्या खाचेत घातलं तरच लाइट लागतात, काढलं की सगळं बंद होतं, बिघडलं असं समजून घाबरू नका. एसी २६ वर ठेवून जाते, नको असेल तर बंद करा, पंखा आहे.

बाथरूममध्ये टब आहे. त्यात जायचं नाही. दोघांनीही नाही, हौस म्हणून पण नाही. बाजूला शॉवर आहे तिथं प्लास्टिकचं स्टूल, बादली आणि मग ठेवायला सांगितलंय, अप्पांनी बसूनच आंघोळ करायची. बाथरूमची एक भिंत काचेची आहे, का असते देव जाणे, पण आतून पडदा आहे तो ओढायचा. रात्री तिथला लाइट चालू ठेवा. वीज वाचवायची नाहीये, पैसे भरलेत म्हटलं ना.

इन्सुलिनचं नवं पेन खोलीतल्या छोट्या फ्रिजमध्ये ठेवायचं आणि दारावर चिठ्ठी लावायची, नाहीतर तिथंच राहील. चालू पेन पर्समध्ये चालतं. फ्रिजमधल्या चॉकलेट, काजू, बाटल्यांना हात लावायचा नाही, त्याचे वेगळे पैसे, टेबलावरच्या पाण्याच्या बाटल्या मात्र फुकट. रात्री अप्पांना घाम सुटला, हात थरथरले तर वाट न बघता साखर द्यायची आणि रिसेप्शनला नऊ दाबायचं, मग मला फोन. आधी मला फोन केलास तर मी बदलापूरला बसून काय करणार. सकाळी उपाशीपोटी शुगर काढणारेत, तेव्हा नाश्ता झाल्याशिवाय इन्सुलिन घ्यायचं नाही. नाश्ता खोलीच्या पैशात धरलेला आहे, तो वाया जाणार म्हणून जीव तोडू नका, ते डब्यात बांधून देतात, मी सांगितलंय.

आई, पांढऱ्या जाड पांघरुणाखाली तुला झोप येणार नाही, आपली चादर आण, सोलापूरची, मी नको म्हणत नाही. चहापूड पण आण, तिथं किटली असते आणि दुधाची पूड, तुला ती आवडणार नाही पण एक रात्र चालवून घे. सकाळी उठून पलंग आवरायचा नाही, पांघरुणाच्या घड्या घालायच्या नाहीत, बाथरूम धुवायचं तर अजिबात नाही. तिथं माणसं आहेत त्या कामाला. तुझ्या देवांसाठी खिडकीशी छोटं टेबल आहे पूर्वेकडं तोंड होईल असं, बघून आलेय. फक्त उदबत्ती लावू नकोस, छतावरचा अलार्म वाजतो.

कोणी बॅग उचलायला आला तर अप्पा, द्यायची. ओढाओढ करायची नाही. तो तुमच्या मुलाच्या वयाचा असेल, त्याला अहो-जाहो केलंत तरी चालेल, पण "राहू दे, हलकी आहे" म्हणायचं नाही. मी पन्नासच्या नोटा पाकिटात घालून देते. आणि कोणी इंग्रजीत बोललं तर मराठीत उत्तर द्या, बरीच पोरं कोकणातली आहेत, मी बोललेय त्यांच्याशी.

डॉक्टर काय म्हणतील त्याचा विचार रात्री करू नका. लेसर सांगतील, नाहीतर इंजेक्शन, दोन्ही ऐकायला वाटतं तितकं भयंकर नाहीये, डोळा बधिर करून करतात. अजून काही ठरलेलं नाही. सोलापूरच्या डॉक्टरांनी वेळेत पाठवलंय असं ते स्वतःच म्हणाले, आई तू ऐकलंस ना.

दोघांची आधार कार्डं ओरिजिनल, आधीचे डोळ्याचे रिपोर्ट, काळा चष्मा, शुगरची वही. शेंगा चटणी माझ्यासाठी आणाल तर अर्धा किलोच, मागच्या वेळेसारखं पोतं नको. रविवारी रात्री फोन करते, मोबाईल चार्जिंगला लावून ठेवा दोन्ही, आणि फोन उचलल्या उचलल्या "किती घातलेस पैसे" हे विचारलंत तर मी ठेवून देईन.

तुमची
मनू